उजवा गुडघा, आणि बाबांना न सांगितलेलं

गुडघा दुखतो म्हणून कुणी हे तुमच्या हातात ठेवलं असेल, तर आधी दवाखान्यात जाऊन फोटो काढून या, मग वाचत बसा. मी कुठे पळून जात नाही. तसंही मला आता पळता येत नाही.

माझ्या उजव्या गुडघ्यात क्षय झाला होता. हाडाचा टीबी. तो बरा झाला. गुडघा जागेवर आहे, पण वाकत नाही. या आजारात मी दोन गोष्टी केल्या, ज्यांची मला लाज वाटते. एक कागद लपवला, आणि गुडघा गेल्याचं खापर माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांवर फोडून घेतलं तेव्हा गप्प बसले. गोळ्यांची नावं आणि आजाराची माहिती तुम्हाला डॉक्टर सांगतील. हे ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

लचक

मी अकोल्याची, जुन्या शहरातली. मी कलात्मक स्केटिंग करायचे. म्हणजे शर्यत नाही. टीव्हीवर बर्फावर मुली गाण्यावर फिरतात, उड्या मारतात, तेच. फक्त आमच्याकडे बर्फ नाही. पायात चार चाकांचे बूट आणि खाली घोटलेलं सिमेंट. पडलं की सालटं निघतं. चार वेळा देशात पहिली आले, तरी आमच्या गल्लीत मी शेवटपर्यंत 'चाकं लावून फिरते ते पोट्टी' होते.

बरी रिंक अमरावतीला होती, म्हणून कॉलेजपासून मी तिथे खोली करून राहिले. गावंडे सरांच्या हाताखाली आठवडाभर सराव, आणि शनिवारी बसने अकोला.

बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. तरुणपणी तालमीत गेलेले. तालमीतल्या माणसाला दुखण्याचं एकच नाव माहीत असतं, ते म्हणजे लचक. आमच्या घरी कुणाला शिंक आली तरी बाबा आधी खांदा चाचपून बघतील. औषधही एकच. ओवा-लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल आणि त्यांचा अंगठा. तालमीत मोठ्या कुस्तीआधी पैलवानाच्या पायाला वस्ताद स्वतः तेल लावतो, तो त्याचा मान असतो. बाबांनी तो रिवाज माझ्यासाठी घरात आणला. प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी अकरा दिवस मी घरी यायचे, आणि सकाळी आंघोळीआधी बाबा पाटावर बसून माझे पाय चोळायचे. त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आई शेगडीपाशी बसून हसायची, "देवाले नाई एवढं तेल वाहत हा मानूस."

मला ते आवडायचं. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हे विसरलं जाईल.

दोन दारं

चोवीस वर्षांची होते तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या. एक म्हणजे परदेशातल्या स्पर्धेसाठी भारताच्या संघाची निवड. सर म्हणायचे, "या वर्षी तुया नंबर पक्का आहे रेवा, फक्त पडू नको." बाबांना ते निळं जॅकेट हवं होतं, पाठीवर देशाचं नाव असलेलं. ते तसं म्हणाले नाहीत कधी. पण भिंतीवर मेडलांच्या शेजारी एक खिळा त्यांनी आधीच ठोकून ठेवला होता.

दुसरं म्हणजे दक्षिणेतल्या एका मोठ्या करमणूक बागेतून आलेलं बोलावणं. रोज संध्याकाळी दोन खेळ, दिवे, कपडे, तिकीट काढून आलेली माणसं. करारात अट होती की तिथे उभं राहिलं की स्पर्धेत उतरायचं नाही. म्हणजे एकदा धंदेवाईक झालं की मेडलचा रस्ता बंद.

मी ठरवलं होतं. बागेत जायचं. का, ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सरळ लिहिते. मला मेडलांचा कंटाळा आला होता. रिकाम्या हॉलमध्ये पाच पंच, चार आया आणि एक पंखा यांच्यासमोर जीव तोडून नाचायचं आणि दशांशाने जिंकायचं, याचा मला वीट आला होता. मला माणसं बघायला हवी होती. टाळ्या हव्या होत्या. हावरी म्हणा हवं तर.

पण घरी सांगायची हिंमत नव्हती. मैत्रिणीच्या लग्नाला जाते म्हणून सांगून मी बागेच्या चाचणीला गेले.

कागद

चाचणीत मी पास झाले. दुसऱ्या दिवशी तिथल्या फिजिओबाईंनी पाय तपासले. उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. "गरम आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, पंधरा दिवस. महिना झाला होता. संध्याकाळी अंगात कणकण असायची, वजन उतरलं होतं, आणि ते बघून सर खूश होते की पोरगी हलकी झाली, उडी उंच जाते.

त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की एमआरआय करून घ्या, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रिपोर्ट घेऊनच रुजू व्हा. मी कागदाची घडी केली आणि बुटांच्या पिशवीत, चाकं काढायच्या पान्याखाली ठेवली.

का नाही दाखवला? सरांना दाखवला असता तर त्यांनी निवडीतून नाव काढलं असतं, आणि चाचणीचं बिंग फुटलं असतं. बाबांना दाखवला असता तर तेच. आणि बागवाल्यांना रिपोर्ट पाठवला, त्यात काही निघालं, तर तेही दार बंद. मी स्वतःला म्हटलं, दिवाळीपर्यंत बरा होईल. आमच्यात असंच असतं. जो दुखणं बोलतो तो बाहेर बसतो, हे प्रत्येक खेळाडू सहाव्या-सातव्या वर्षी शिकतो. सूज लपवायची आम्हाला इतकी सवय असते की आपण ती स्वतःपासूनही लपवतो.

मग मी अकोल्याला गेले आणि बाबांना म्हटलं, "थोडी लचक आहे."

बाबांनी त्या वेळी अकरा दिवस नाही, चार महिने चोळलं. दर शनिवारी-रविवारी, आणि सणाला मी घरी राहिले की रोज. सुजलेल्या, जंतूंनी भरलेल्या सांध्यावर तालमीतला अंगठा दाबून फिरत होता. मी दात आवळून बसायचे. ते विचारायचे, "दुखून राह्यलं का वो माय?" आणि मी म्हणायचे, "नाई बाबा, बरं वाटते."

निदानाचा दिवस

निवडीला तीन आठवडे होते. अमरावतीच्या रिंकवर सकाळी मी दुहेरी उडी मारली आणि उजव्या पायावर उतरले. पाय नव्हताच. मी सिमेंटवर बसले आणि मला उठता येईना. सरांनी मला उचललं आणि गाडीत घातलं. वाटेत ते एकच म्हणत होते, "काऊन नाई सांगतलं, काऊन नाई सांगतलं."

एमआरआय झाला, मग सुईने आतलं पाणी आणि तुकडा काढला. आठवड्याने डॉक्टरबाईंनी बोलावलं. वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. बाबा अकोल्याहून पहिल्या बसने आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. 'टीबी' हा शब्द ऐकल्यावर बाबा म्हणाले, "पण ही तर खोकलत नाई."

बाईंनी समजावलं की तो हाडात, सांध्यातही होतो, कुणालाही होतो, यात लाजण्यासारखं काही नाही, आणि औषधाने बरा होतो. मग त्यांनी गुडघा हातात घेतला, कातडी बघितली, आणि विचारलं, "याला मालिश कोण करत होतं?"

"मी," बाबा म्हणाले. शाळेत हजेरी देतात तसं ताठ उभं राहून म्हणाले.

"अहो, असा सांधा चोळतात का? आतून किती खराब झालाय बघा."

बाबांनी आपले हात बघितले आणि पाठीमागे नेले. कागद अजून माझ्या मांडीवरच्या बुटांच्या पिशवीत होता. हात घातला असता तर दोन सेकंदांत निघाला असता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

वॉर्ड

पायाला वजन बांधून मला सहा आठवडे पाठीवर झोपवलं. सकाळी साडेपाचला झाडू, सहाला थर्मामीटर, सातला गोळ्यांची मूठ. पहिल्या दिवशी लघवी शेंदरी झाली तेव्हा मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर म्हणाल्या, "गोळीचा रंग आहे बाई, मरत नाहीस." हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मळमळ पहिले दोन महिने होते. कोरडी पोळी आणि थोडं मीठ लावलेली काकडी तेवढी पोटात राहायची. गोळी चुकवू नका. बरं वाटायला लागलं की चुकवावीशी वाटते, तेव्हा तर नाहीच.

शेजारच्या खाटेवर अंजनगाव सुर्जीच्या निर्मलाकाकू होत्या. त्यांच्या पानमळ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या दिवसभर बोलायच्या, आणि मला त्याचा राग यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्या दोन दिवस तपासणीला दुसरीकडे गेल्या तेव्हा मला कळलं की त्या बोलतात म्हणून मी रडत नाही.

त्यांनीच एक दिवस विचारलं, "तुया बाप काऊन बाहेरच बसते वो? सकाऊनपासून त्या बाकड्यावर बसला आहे. आत येते, डबा ठेवते, अन् जाते."

खरं होतं. आई आली की माझे केस विंचरायची, पाय पुसायची. बाबा खाटेपासून हातभर लांब उभे राहायचे. एकदा पट्टा सैल झाला. मी म्हटलं, "बाबा, जरा ओढा ना." ते म्हणाले, "सिस्टरले बलावतो," आणि बाहेर गेले. ज्या माणसाने माझे पाय पंधरा वर्षं हाताळले, तो आता माझ्या पायाला शिवत नव्हता. त्या दुपारी मी पांघरूण तोंडावर घेऊन रडले. काकूंना वाटलं पाय दुखतोय, त्यांनी सिस्टरला हाक मारली.

घरी जायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरबाईंना एकटीला गाठलं. विचारलं, मालिशमुळे झालं का?

"मालिशने जंतू येत नाहीत," त्या म्हणाल्या. "मालिशने त्रास वाढला असेल. पण खरा घात उशिराने केला. चार महिने आधी आली असतीस तर गुडघा बहुतेक वाचला असता."

चार महिने. त्यांना माहीत नव्हतं त्या कशाचं माप सांगत होत्या.

घर

टीबी म्हटलं की लोक कप वेगळा काढतात. सांध्याचा टीबी असा लागत नाही, हे डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं, तरी आईने गल्लीत 'लिगामेंट' सांगितलं. मीही तेच म्हणायचे. आता म्हणत नाही.

दीड वर्ष औषध चाललं. बागवाल्यांनी दोनदा चौकशी केली आणि थांबले. निवड दुसऱ्या मुलीची झाली. तिने मला जॅकेट घालून फोटो पाठवला, चांगल्या मनाने पाठवला, आणि मी तिला आठवडाभर उत्तर दिलं नाही. आजारपणात माणूस मोठ्या मनाचा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी कोती झाले होते. आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे, पावलांचा आवाज आला तरी चिडायचे.

बाबांनी मात्र गुडघ्याचा व्यायाम हा आपला धर्म करून टाकला. हात लावायचे नाहीत. समोर खुर्ची टाकून बसायचे, मोजायचे. "वाकव. अजून. थोडंसं." गुडघा जिथे अडायचा तिथेच अडायचा. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, यापुढे फार होणार नाही, कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, आतून गेली आहे, चालता येतंय यात समाधान माना. बाबांनी ते ऐकलंच नाही. पेन्शनर मित्र, संध्याकाळचा फेरफटका, सगळं सोडून ते माझा गुडघा वाकायची वाट बघत होते. आई एकदा चिडून म्हणाली, "पोरगी चालून राह्यली ना, पुरे झालं. काऊन तिच्या मांगं लागले?" बाबा म्हणाले, "माह्यानं गेलं ते माह्यानंच वापस आलं पाह्यजे."

मी शेजारच्या खोलीत होते. मला उठून जाऊन सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भीती वाटत होती की ते ओरडणार नाहीत, नुसते गप्प होतील.

फॉर्म

औषध संपलं त्या महिन्यात गावंडे सरांनी बोलावलं. नेहमीप्रमाणे बाबा सोबत आले. सर केबिनमध्ये नोंदणीचा वर्षाचा फॉर्म घेऊन बसले होते.

"बेटा, दोन साल मी तुयं नाव खेळाडूत ठेवलं," सर म्हणाले. "आता ठरव. इथं लहान पोरी आहेत, शिकवशील तर प्रशिक्षक म्हणून लिहितो, पगार चालू होईन. पण एकदा प्रशिक्षक लिहिलं की स्पर्धेतून नाव गेलं. दोन्ही नाई होत."

मला हसू आलं. तीच निवड पुन्हा समोर होती, फक्त या वेळी पाय नव्हता. मला शिकवायचं होतं, हे मला बसमध्येच कळलं होतं.

"खेळाडूच लिवा सर," बाबा म्हणाले. "खुलून राह्यला गुडघा. काल पाह्यलं ना मी, दोन बोटं जास्त वाकला."

वाकला नव्हता. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना म्हटलं, सर, पाच मिनिटं. ते चहाच्या निमित्ताने बाहेर गेले.

"बाबा, माह्या पाय तुमच्या हातानं नाई गेला."

"मले समजावू नको. डॉक्टरीण माह्या तोंडावर बोलली."

"मले आधीच सांगतलं होतं. चार महिने आधी. लिहून देल्लं होतं, एमआरआय करा म्हणून. मी तो कागद लपवला. तिकडं ट्रायलले गेली होती तवा."

बाबांनी कागदाचं विचारलंच नाही. ते म्हणाले, "कोणत्या ट्रायलले?"

"शोच्या. मैत्रिणीचं लग्न नव्हतं. मी शोमध्ये जाणार होती बाबा. सिलेक्शन देणारच नव्हती."

बाहेर कुणाची तरी चाकं सिमेंटवर फिरत होती. बाबांनी टेबलावरचा फॉर्म उलटा करून ठेवला.

"मंग मी सकाऊन सकाऊन उठून काय करून राह्यलो होतो?"

ते मला विचारत नव्हते. मी म्हटलं, "माफ करा बाबा." ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा मला कळलं की त्यांचा काही उपयोग नाही.

"सांगतलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तुले?" ते म्हणाले. "नसतं जायचं ना सिलेक्शनले, नाई म्हणायचं. पाय तं राह्यला असता."

खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि ते निघून गेले. खिडकीतून मी त्यांना फाटकापर्यंत बघितलं. अकोल्याच्या बसला ते एकटेच बसले. मी रडले, नाक पुसलं, आणि माझ्या हाताने फॉर्ममध्ये 'प्रशिक्षक' लिहिलं.

मला वाटलं होतं, सांगितलं की त्यांचं ओझं उतरेल. उतरलं असेलही. पण त्या पाच मिनिटांत मी त्यांच्याकडून त्यांची चूक घेतली, निळं जॅकेट घेतलं, आणि आमच्या सकाळीही घेतल्या. आईचा फोन यायचा, "काय सांगतलं वो तू त्याहिले? धड जेवत नाईत." भिंतीवरचा तो खिळा त्यांनी काढला, हेही तिनेच सांगितलं. मी फोन केला की ते आईच्या हातात द्यायचे. असे तीन महिने गेले. मी अमरावतीला राहायला आले होते, सकाळी काठी घेऊन रिंकच्या मधोमध उभी राहून ओरडायला शिकत होते.

मग एका रविवारी सकाळी सराव चालू असताना त्यांचाच फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"किती पोरी आहेत तुह्यापाशी?"

"नऊ," मी म्हटलं.

"कोनाचा पाय दुखते का?"

मी रिंककडे बघितलं. अकरा वर्षांची एक मुलगी आठवडाभर डावा पाय जरा जपून टाकत होती. मी तिला दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, नाही मॅडम, बरं आहे.

"एकीचा दुखते बाबा. ती सांगत नाई."

पलीकडे त्यांनी आईला पेन मागितल्याचं ऐकू आलं.

"तिच्या बापाचा नंबर दे," बाबा म्हणाले. "मी बोलतो त्याच्यासंग."